गुप्तहेराला कविता कशासाठी पाठ करायला लावत असत?

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या ताब्यातील प्रदेशात उतरणाऱ्या ब्रिटिश गुप्तहेरांकडून एकेक कविता पाठ करून घेतली जात असे, असे वाचनात आले, कवितेच्या आधारे संदेश लपवायचा म्हणजे नेमके काय करायचे, ती पद्धत कितपत भरवशाची होती आणि पुढे ती का बदलावी लागली? मी गेली बावीस वर्षे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना गूढलेखन शिकवते आणि दरवर्षी पहिला तास याच पद्धतीवर घेते, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

सर्वांत आधी एक गैरसमज दूर करायला हवा. त्या युद्धात कवितेचा उपयोग दोन अगदी वेगळ्या प्रकारे झाला आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला उपयोग उघड संकेताचा होता. बीबीसीच्या फ्रेंच प्रसारणातून ठरलेली वाक्ये वाचली जात आणि ज्याच्यासाठी ती असत त्यालाच त्यांचा अर्थ कळे. पॉल व्हर्लेन या फ्रेंच कवीच्या शिशिरावरील कवितेच्या पहिल्या ओळी जून १९४४ च्या आरंभी आणि पुढच्या ओळी ५ जूनच्या रात्री प्रसारित झाल्या. त्या ऐकून एका ठरावीक गटाने रेल्वेमार्ग तोडण्याच्या कामाला लागावे, असा तो संकेत होता. इथे कवितेत काहीच दडवलेले नव्हते, घंटेचे टोल मोजावेत तसा हा प्रकार होता. दुसरा उपयोग किल्लीचा. त्यात कविता कधीच प्रसारित होत नसे. ती फक्त दोन ठिकाणी असे, एक हेराच्या डोक्यात आणि दुसरी लंडनच्या कपाटात. आपला प्रश्न या दुसऱ्या उपयोगाविषयी आहे.

ही पद्धत वापरणारी मुख्य संघटना म्हणजे जुलै १९४० मध्ये स्थापन झालेली स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, अर्थात एसओई. तिचे मुख्यालय लंडनच्या बेकर स्ट्रीटवर होते. शत्रूव्याप्त देशांत माणसे उतरवायची, स्थानिक प्रतिकारकांना शस्त्रे पुरवायची, पूल आणि कारखाने उडवायचे, हे तिचे काम होते. या माणसांचा लंडनशी संपर्क बिनतारी संचावरून मोर्स लिपीत होई आणि जर्मन कान ते सर्व ऐकत असत. म्हणून संदेश गूढ करणे भागच होते. त्यासाठी संकेतपुस्तक किंवा यंत्र जवळ बाळगावे, तर झडतीत ते सापडणार आणि तिथेच सारे संपणार. डोक्यात राहील अशी किल्ली हवी होती. माणसाच्या डोक्यात शब्द त्यांच्या क्रमासकट पक्के बसवायचे, तर छंद आणि यमक यांच्यासारखा आधार नाही. ओव्या आणि श्लोक पाठ करत वाढलेल्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

आता प्रत्यक्ष कृती पाहू. हेर आपल्या कवितेतले पाच शब्द निवडत असे. कवितेतील शब्दांना क्रमाने अक्षरे नेमून दिलेली असत, त्यामुळे कोणते पाच शब्द घेतले हे सांगणारा पाच अक्षरांचा एक गट संदेशात घातला की लंडनला किल्ली कळे. ते पाच शब्द सलग लिहून त्यांतील प्रत्येक अक्षराला वर्णमालेच्या क्रमाने अंक दिले जात आणि त्या अंकांच्या क्रमाने संदेशाचे रकाने उलटसुलट केले जात. वर्गात मी हे मराठीतून करून दाखवते. समजा, निवडलेले शब्द दोनच आहेत, ‘पहाट पावसाची’. काना, मात्रा, वेलांट्या सोडून केवळ मूळ अक्षरे घेतली तर प, ह, ट, प, व, स, च अशी सात मिळतात. वर्णमालेत यांपैकी सर्वांत आधी च येतो, म्हणून त्याला १. मग ट ला २. दोन प आहेत, त्यांतील डावीकडच्याला ३ आणि उजवीकडच्याला ४. मग व ५, स ६, ह ७. म्हणजे किल्ली झाली ३ ७ २ ४ ५ ६ १.

संदेश आहे: रविवारी रात्री पूल उडवू, दारूगोळा त्वरित पाठवा. तो किल्लीखाली सात-सात अक्षरांच्या ओळींत लिहायचा:

३ ७ २ ४ ५ ६ १
र वि वा री रा त्री पू
ल उ ड वू दा रू गो
ळा त्व रि त पा ठ वा

आता १ क्रमांकाचा रकाना वरून खाली वाचायचा, मग २ चा, मग ३ चा, असे ७ पर्यंत. पाच-पाच अक्षरांचे गट पाडले की हाती येते:

पूगोवावाड रिरलळारी वूतरादापा त्रीरूठविउ त्व

मूळ संदेशातले एकही अक्षर बदललेले नाही, फक्त जागा बदलल्या आहेत. प्रत्यक्षात एवढ्यावर थांबत नसत. या निकालावर पुन्हा एकदा तशीच उलटापालट करत, म्हणूनच या पद्धतीला दुहेरी स्थानांतर म्हणतात. पाच शब्दांची लांब किल्ली आणि दोन फेऱ्या एवढे झाल्यावर केवळ कागद आणि पेन्सिल वापरून तयार केलेला संदेश बऱ्यापैकी कठीण होतो. ज्यांनी ही पद्धत स्वीकारली ते मूर्ख नव्हते, हे मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगते. १९४० साली घाईघाईने उभ्या राहिलेल्या संघटनेजवळ याहून सोपे साधन नव्हते.

दोष कुठे होता, हे कळण्यासाठी वरच्याच किल्लीत एक चूक करून पाहा. ‘पावसाची’ हा शब्द घाईत ‘पाऊसाची’ असा लिहिला गेला तर? शुद्धलेखनाची ही चूक आपल्याकडे नित्याची आहे. व च्या जागी ऊ आला आणि स्वर वर्णमालेत सर्वांच्या आधी येतात, त्यामुळे ऊ ला १, च ला २, ट ला ३, दोन प ना ४ आणि ५ असे सगळे अंक सरकतात. ३ ७ २ ४ ५ ६ १ च्या ऐवजी ४ ७ ३ ५ १ ६ २ होते. सातांपैकी फक्त ह आणि स यांचे अंक टिकले, बाकी पाच बदलले. दुसऱ्या फेरीत ही गडबड आणखी खोल जाते. समोरचा माणूस बरोबर शुद्धलेखनाची किल्ली लावून बसतो आणि त्याच्या हाती अक्षरांचा ढीग येतो. वर्गात पंख्याखाली, चहा पिऊन, कसलीही भीती नसताना हा सराव दिला, तरी दरवर्षी काही वह्यांतून न उलगडणारे संदेश निघतात. तेच काम एखाद्या माळ्यावर, थंडीने बोटे आखडलेली असताना, रस्त्यावरच्या मोटारीचा आवाज ऐकत करणाऱ्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार केल्याशिवाय ही पद्धत समजली असे मला वाटत नाही.

असे न उलगडणारे संदेश लंडनला मोठ्या संख्येने येत. त्यावरचा सुरुवातीचा उपाय एकच होता, तो म्हणजे हेराला तोच संदेश पुन्हा पाठवायला सांगणे. बिनतारी संच सुरू झाला की जर्मनांची दिशाशोधक पथके उगमाकडे सरकू लागत, आणि पुन्हा पाठवणे म्हणजे त्यांना तेवढी जास्त मिनिटे देणे. शिवाय दुहेरी स्थानांतराला थोडा लांब संदेशच सुरक्षित ठेवतो, त्यामुळे सांगायचे दोन शब्दांचे असले तरी भर घालून संदेश वाढवावा लागे. चूक कागदावरची असली तरी तिची किंमत माणसाच्या जिवाने चुकवली जात होती.

इथे लिओ मार्क्स यांचे नाव घ्यावेच लागते. त्यांचे वडील लंडनमधील ८४ चेअरिंग क्रॉस रोड येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानाचे भागीदार होते. पुस्तकांच्या आत खरेदीची किंमत सांकेतिक अक्षरांत लिहिलेली असे आणि आठ वर्षांच्या लिओने तो संकेत आपला आपण उलगडला. आपल्याकडच्या जुन्या कापडदुकानांतही चिठ्ठीवर अशी अक्षरे असत. गूढलेखनाच्या प्रशिक्षणानंतर १९४२ मध्ये ते एसओईत आले तेव्हा विशीत नुकतेच शिरलेले होते. त्यांची परीक्षा म्हणून एक गूढ संदेश देण्यात आला. तो वीस मिनिटांत उलगडावा अशी अपेक्षा होती आणि त्यांना जवळजवळ सगळा दिवस लागला. नंतर लक्षात आले की किल्ली त्यांना द्यायचीच राहून गेली होती; त्यांनी किल्लीशिवायच तो संदेश फोडला होता. या प्रसंगात मला त्या तरुणाच्या बुद्धीपेक्षा एक गोष्ट जास्त गंभीर वाटते. जे काम एक नवशिका एका दिवसात करतो, ते प्रशिक्षित जर्मन गूढभेदक करणार नाहीत असे मानण्याला काही आधार नव्हता.

मार्क्स यांनी पहिला आग्रह धरला तो असा की, न उलगडणारा संदेश ही हेराची अडचण नसून कार्यालयाची अडचण आहे आणि ती कार्यालयानेच सोडवायची. बकिंगहॅमशायरमधील ग्रेंडन येथील केंद्रात फर्स्ट एड नर्सिंग योमनरी या महिला दलातील तरुणी काम करत. लोक त्यांना ‘फॅनी’ म्हणत. त्यांना मार्क्स यांनी हेरांच्या चुकांचा अभ्यास करायला शिकवले. कोण कोणता शब्द चुकीचा लिहितो, कोणाचा हात रकाना गाळतो, कोणता मोर्स संकेत ऐकताना दुसऱ्यासारखा वाटतो, याचा अंदाज बांधून त्या एकेका संदेशावर शेकडो, प्रसंगी हजारो प्रयत्न करत. पाऊसाची, पावसची, पाउसाची अशा प्रत्येक संभाव्य चुकीची किल्ली बनवून लावून पाहायची, जमले नाही तर पुढची. बहुतेक मुली विशीच्या आतबाहेरच्या होत्या. ज्याचा संदेश उलगडत होत्या तो माणूस त्यांना कधी दिसणार नव्हता आणि त्याला पुन्हा संच लावावा लागू नये एवढ्यासाठी त्या रात्रपाळ्या करत होत्या. या युद्धाच्या इतिहासात मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो या कामाविषयी.

चुका सुधारता येत होत्या, पण पद्धतीचा दुसरा दोष सुधारण्यासारखा नव्हता. एकाच कवितेवर सगळे संदेश आधारलेले, हा तो दोष. शत्रूला एकाच किल्लीने बनलेले, सारख्याच लांबीचे दोन संदेश मिळाले, तर दोघांतली अक्षरे हुबेहूब त्याच क्रमाने हललेली असतात. दोन्ही एकाखाली एक लिहून, कागदाच्या उभ्या पट्ट्या कापून, दोन्ही ओळींत एकाच वेळी अर्थपूर्ण शब्द दिसेपर्यंत पट्ट्या सरकवत राहायचे, अशी ती फोड असते. एका ओळीतला योगायोग दुसऱ्या ओळीत टिकत नाही, त्यामुळे बरोबर जुळणी ओळखू येते. त्यातून किल्लीचे अंक मिळतात, अंकांवरून किल्लीचे शब्द तर्काने काढता येतात आणि ते शब्द शेक्सपिअरच्या किंवा बायबलच्या एखाद्या प्रसिद्ध वचनातले निघाले, तर शत्रूने कपाटातून पुस्तक काढायचे एवढेच उरते. त्या हेराचे मागचे आणि पुढचे सर्व संदेश एका दमात उघडे पडतात. सुरुवातीच्या काळात बऱ्याच जणांच्या कविता अशाच, शाळेत शिकलेल्या, सर्वांना ठाऊक असलेल्या होत्या. म्हणून मार्क्स यांनी नव्या, कुठेही न छापलेल्या कविता लिहिण्याचा सपाटा लावला. जी कविता पुस्तकात नाही ती शत्रूला पुस्तकात सापडणार नाही, हा त्यामागचा साधा हिशेब होता. पण छळ करून ती वदवून घेण्यापासून तो हिशेब वाचवू शकत नव्हता. माणूस पकडला गेला की कविता त्याच्या डोक्यातच होती आणि ती तिथे आहे हे गेस्टापोला, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांना, माहीत होते.

छळाच्या शक्यतेवर तोड म्हणून प्रत्येकाला गुप्त खुणा नेमून दिलेल्या असत. ठरलेल्या जागी ठरलेली चूक करायची, आणि पकडले गेल्यास ती करायची नाही. शत्रूला सांगायला एक खोटी खूण आणि लपवायला एक खरी खूण, अशी ती जोडी असे. हॉलंडमध्ये या व्यवस्थेची जी दुर्दशा झाली ती सांगितल्याशिवाय उत्तर प्रामाणिक होणार नाही. ६ मार्च १९४२ रोजी ह्यूब लाउअर्स हा बिनतारी संदेशवाहक हेग शहरात पकडला गेला. जर्मन अधिकारी हेरमान गिस्केस यांच्या देखरेखीखाली तो लंडनला संदेश पाठवू लागला, पण त्याने आपली खूण गाळली. लंडनने तिकडे दुर्लक्ष केले. त्याने भरतीच्या अक्षरांत ‘पकडलो गेलो’ अशा अर्थाचा इंग्रजी शब्द तुकड्यांनी घुसवला, तोही कोणी वाचला नाही. लंडन नवी माणसे पाठवत राहिले, ती उतरताच पकडली जात राहिली, त्यांचेही संच जर्मनांच्या हाती लागले. पन्नासहून अधिक माणसे अशी गेली आणि त्यांतील बहुतेकांना १९४४ च्या सप्टेंबरमध्ये माउटहाउझेन छावणीत ठार मारण्यात आले.

मार्क्स यांना संशय आला तो एका अभावामुळे. इतर सर्व देशांतून न उलगडणारे संदेश येत होते, हॉलंडमधून मात्र एकही येत नव्हता. त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की, हॉलंडमध्ये संदेश लिहिणारा माणूस निवांत बसून, न घाबरता, रकाने नीट मोजून लिहीत आहे आणि शत्रूच्या प्रदेशात असा निवांत माणूस शत्रूचाच असू शकतो. गूढलेखनाच्या इतिहासात यापेक्षा सूक्ष्म निरीक्षण मला माहीत नाही. वरिष्ठांनी ते वेळीच मानले नाही. ऑगस्ट १९४३ च्या अखेरीस पीटर डोरलाइन आणि बेन उबिंक हे दोघे हारेनच्या तुरुंगातून निसटले आणि स्वित्झर्लंडमार्गे त्यांची खबर पोहोचली, तेव्हा कुठे हे प्रकरण आटोपत आले. १ एप्रिल १९४४ रोजी गिस्केस यांनी स्वतःच, कुठलेही गूढलेखन न करता, लंडनची खिल्ली उडवणारा संदेश पाठवून ते संपवले.

आपल्याकडचा एक खरा धागा याच काळात येतो. बडोद्याला महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये संगीतशाळा सुरू करणारे मौलाबक्ष, त्यांचे नातू हजरत इनायत खाँ आणि इनायत खाँ यांची कन्या नूर. जातककथा मुलांसाठी नव्याने सांगणारे तिचे इंग्रजी पुस्तक १९३९ मध्ये निघाले होते. जून १९४३ मध्ये ती बिनतारी संदेशवाहक म्हणून फ्रान्समध्ये उतरली. व्याप्त फ्रान्समध्ये हे काम करण्यासाठी पाठवलेली ती पहिली स्त्री. मार्क्स यांच्या आठवणींनुसार, तिची गूढलेखनातील धांदल कमी करण्यासाठी त्यांनी तिच्या जातककथांचाच आधार घेतला, आणि पकडली गेल्यास अठरा अक्षरांची किल्ली वापरायची, एरवी कधीही नाही, अशी एक जादा खूण तिच्यासाठी ठेवली. पॅरिसमधले तिचे सहकारी काही दिवसांतच पकडले गेले. परत येण्याची सोय असताना ती थांबली आणि ऑक्टोबरपर्यंत संदेश पाठवत राहिली. पकडली गेली तेव्हा पाठवलेल्या संदेशांची नोंदवही जर्मनांना सापडली आणि तिच्या संचावरून त्यांनी लंडनला फसवले. १३ सप्टेंबर १९४४ रोजी तिला डाखाऊ छावणीत गोळी घालण्यात आली. त्या वहीवरून तिला दोष देणारे लेखन मी वाचले आहे आणि ते मला मान्य नाही. जुने संदेश हाती लागल्याने पुढचे संदेश धोक्यात येतात, ही त्या पद्धतीची रचनाच होती. दोष त्या रचनेकडे जातो.

उपाय मार्क्स यांनी रेशमात शोधला. आधीच तयार केलेल्या, कोणत्याही शब्दावरून न काढलेल्या अंकांच्या किल्ल्या रेशमी कापडावर बारीक छापून द्यायच्या. एक वापरली की कापडाची तेवढी पट्टी कापून जाळायची. कागदाची झडतीत सळसळ होते, पण रेशीम कपड्याच्या अस्तरात शिवले की हाताला लागत नाही. पुढे एकदाच वापरायच्या अक्षरांचे तक्तेही रेशमावर आले. नीट वापरले तर ते गणिताने फोडताच येत नाहीत आणि त्यांच्यामुळे संदेश अगदी छोटे ठेवता येऊ लागले. मला यातला सर्वांत मोठा फायदा वेगळाच वाटतो. जाळलेल्या पट्टीवरचे अंक हेराच्या लक्षात राहणे शक्यच नव्हते, म्हणून त्याचा कितीही छळ केला तरी मागचे संदेश त्याच्याकडून निघू शकत नव्हते. स्मृतीवरचा भार काढून घेतल्यामुळे हे साधले. १९४३ पासून हे साहित्य वापरात येत गेले आणि कविता मागे सरली, पण रेशीम हरवले किंवा नष्ट करावे लागले तर हाताशी असावी म्हणून ती राखीव ठेवली गेली.

अनेक विद्यार्थी विचारतात की, आवडत्या कवितेची ओळ आज पासवर्ड म्हणून चालेल का. छापलेली, लोकांना ठाऊक असलेली ओळ चालणार नाही, कारण हल्लेखोरांच्या याद्यांत गाणी, कविता आणि सुभाषिते आधीपासून असतात आणि संगणकाला ती पडताळायला वेळ लागत नाही. स्वतः रचलेली आणि कुठेही न लिहिलेली ओळ वेगळी.

शेवटी ‘द लाइफ दॅट आय हॅव’ या कवितेविषयी, जिच्यामुळे बहुतेकांच्या मनात हा विषय येतो. मार्क्स सांगतात की, त्यांची प्रेयसी रूथ कॅनडात विमान अपघातात गेली आणि १९४३ च्या नाताळच्या आदल्या रात्री त्यांनी तिच्यासाठी काही ओळी लिहिल्या. मार्च १९४४ मध्ये व्हायोलेट झाबो या एसओईच्या हेराच्या सरावात तिच्या आधीच्या कवितेवरून वारंवार चुका होत होत्या, म्हणून त्यांनी तिला ती बदलून ही कविता दिली. झाबोचा पती १९४२ मध्ये एल अलामेन येथे मारला गेला होता आणि मागे लहान मुलगी होती. जूनमध्ये दुसऱ्यांदा फ्रान्समध्ये उतरल्यावर १० जूनला ती पकडली गेली आणि १९४५ च्या आरंभी राफेन्सब्रुक छावणीत तिला मारण्यात आले. ती कविता गूढलेखनाच्या दृष्टीने तपासली तर कमकुवत ठरते. ओळी थोड्या, शब्द लहान आणि तेच तेच पुन्हा येणारे, त्यामुळे त्यातून वेगवेगळ्या किल्ल्या फार निघत नाहीत. पण त्यातला एकही शब्द शुद्धलेखनात चुकण्यासारखा नाही आणि एकदा ऐकल्यावर तिचा क्रम विसरत नाही. झाबोला नेमके हेच हवे होते. युद्धानंतर बरीच वर्षे ती कुठेही छापलेली नव्हती. १९५८ मध्ये झाबोवरच्या चित्रपटात ती आली, लोकांनी ती उतरवून घेतली, पाठ केली, आणि त्या दिवसापासून किल्ली म्हणून ती कोणाच्याही उपयोगाची राहिली नाही.